शेगडीची विचारपूस

मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांवर लेख नाही अशी डॉक्टरांची स्मरणिका विरळाच. त्या विषयांचे महत्त्व मी नाकारीत नाही. तथापि या खेपेस एका अगदी घरगुती वस्तूविषयी लिहिण्याची अनुमती मी संपादक मंडळाकडे मागितली. ती वस्तू म्हणजे ओट्यावरची गॅसची शेगडी. शेगडीची निगा हा गृहशास्त्राचा नव्हे, तर आरोग्याचा विषय आहे आणि पर्वत पाटिया परिसरात दवाखाना चालविणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने रुग्णाजवळ तो काढला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत आपला समाज मागे नाही. खानदेशातून सुरतेस येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांत शेगडी पुसल्याशिवाय रात्रीचा दिवा मालवत नाही. परंतु ही स्वच्छता बहुधा वरच्या पत्र्याची अथवा काचेची असते. जिथून वायू वाहतो आणि जिथे तो जळतो, त्या भागांकडे पाहण्याचा प्रघात नाही. रबरी नळीला हौसेने कापडी खोळ शिवलेली असते. त्या खोळीआड नळीला पडलेल्या भेगा आणि उंदराचे दात दोन्ही झाकून जातात. नळीवर छापलेले वर्ष किती जणांनी वाचले असेल? तारेची जाळी असलेली नारंगी सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलावयाची असते.

ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊन भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, की वायू अपुरा जळत आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत आहे असे समजावे. दूध उतू जाऊन बर्नरची छिद्रे बुजणे, धुतलेला बर्नर ओला असतानाच बसविणे, तो वाकडा बसणे ही याची साधी कारणे. आणखी एक कारण आपल्या लोकांना विशेष लागू पडते. मे महिन्यात कुटुंब गावी जाते, घर महिनाभर बंद राहते आणि बर्नरखालच्या नळकांड्यात कोळी जाळे विणतो. परतल्यावर पहिला चहा ठेवण्यापूर्वी बर्नर उचलून आत पाहिले, तर अर्ध्या मिनिटाचे काम.

सुरतेत पाइपच्या गॅसचीही भर आहे. सिलिंडरचा गॅस आणि पाइपचा गॅस यांच्या शेगड्यांतील जेटची छिद्रे निरनिराळी असतात. पाइपच्या गॅससाठी ती मोठी लागतात. सुरतेत नवी शेगडी घेतली, की जुनी गावी भावाकडे पाठविणे ही आपली रीतच. ती शेगडी तिथे तशीच सिलिंडरला जोडली, तर ज्योत भडकते व काजळते. तेव्हा जेट माहीतगाराकडून बदलून घ्यावेत. सुईने छिद्र मोठे करण्याचा उद्योग घरी करू नये. गळतीच्या वेळीही हा भेद लक्षात असावा. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, पाइपचा वायू हलका असल्याने छताकडे जातो. दोन्ही प्रसंगी खिडक्या उघडाव्यात, झडप बंद करावी, विजेचे बटण चालू अथवा बंद काहीही करू नये आणि घराबाहेर येऊन दूरध्वनी करावा. सिलिंडरसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या मांड्यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. खापर हे चुलीसाठी घडलेले भांडे. ते दोन बर्नरच्या शेगडीवर पालथे घातले, की ज्योत कोंडते आणि उष्णता खाली वळून बटणांना व नळीला भाजते. पुरणाचे मांडे सोडा असे सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही! ते अंगणातल्या चुलीवर करावेत, एवढेच म्हणतो.

साफसफाईच्या साधनांचे अपघात तर अधिकच टाळण्याजोगे. चिकटा काढण्यासाठी शेगडीला रॉकेल लावणे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. त्यावर काय भाष्य करावे? कोमट साबणाचे पाणी, जुना दातांचा ब्रश आणि कोरडे फडके एवढ्यावर काम भागते. शेगडी नळाखाली धरू नये, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. ओव्हन आता अनेक घरांत वरण-बट्टीसाठी आला आहे. तो साफ करण्याच्या तीव्र द्रावणात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. कापडाच्या प्रक्रियेत हाच पदार्थ लागत असल्याने आपल्या शहराला तो परका नाही, आणि म्हणूनच त्याची भीतीही उरलेली नाही. डोळ्यात उडालेला क्षार आम्लापेक्षा खोल शिरतो. अशा वेळी डोळ्यांचा डॉक्टर शोधत रिक्षा फिरविण्याआधी निदान अर्धा तास नळाच्या पाण्याने डोळा धुवावा. भाजल्यावरही वीस मिनिटे वाहते पाणी हाच पहिला उपचार. हळद, टूथपेस्ट, बर्फ नव्हे.

आता व्यवसायबंधूंना दोन शब्द. घरातील दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखते, मळमळते आणि बाहेर पडल्यावर बरे वाटते, अशी तक्रार आली की आपण पित्ताची गोळी लिहून मोकळे होतो. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर अशा वेळी खोटा दिलासा देते, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच भासते. एका खोलीत संसार करणाऱ्या, खिडकी बंद ठेवून स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबाविषयी संशय घ्यावयाचा तो डॉक्टरांनीच.

हा प्रश्न केवळ माउलीला विचारून भागत नाही. शेगडी पुसते ती, परंतु नळीचे पैसे बहुधा घरधन्याच्या खिशात असतात आणि नळी बदलणे ही टाळता येण्यासारखी बाब वाटते. पुरुष रुग्णालाही रक्तदाब मोजता मोजता विचारावे, "भाऊ, नळी कोणत्या सालची?" उत्तर न देता तो ओशाळा हसला, तर घरी जाऊन पाहील.

मंडळाच्या आगामी तपासणी शिबिरासाठी माझी सूचना लहानशी आहे. केसपेपरवर वजन, रक्तदाब आणि साखर यांच्या खाली आणखी दोन रकाने छापावेत. एक नळीच्या सालाचा, दुसरा ज्योतीच्या रंगाचा. छपाईचा खर्च मी देईन.