विश्लेषण : उत्सव सर्वांचा, मग प्रवेशद्वारावर धर्माची चौकशी कशासाठी?

नवरात्र आले की गरब्यात कोणाला प्रवेश द्यायचा, यावरून वाद होतो. यजमान लोकप्रतिनिधी असेल तर हा प्रश्न केवळ मंडळापुरता राहत नाही.

वाद कशावरून?

सप्टेंबर २०२५ मध्ये विश्व हिंदू परिषदेने गरब्यात केवळ हिंदूंनाच प्रवेश द्यावा, त्यासाठी आधार कार्ड तपासावे, असे आवाहन केले. गरबा ही देवीची उपासना आहे, असा त्यांचा युक्तिवाद. नियम ठरवण्याचा अधिकार आयोजकांचा, असे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी म्हटले. तर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी या आवाहनावर टीका केली. म्हणजे सत्ताधारी आघाडीतच एकमत नव्हते.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेचा अनुच्छेद २६ धार्मिक संप्रदायांना आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क देतो. मात्र अनुच्छेद १५(२) नुसार दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी धर्म वा जातीवरून कोणालाही अडवता येत नाही. घरातली घटस्थापना आणि तिकीट लावून, प्रायोजक घेऊन मैदानात भरवलेला दांडिया यांत फरक आहे, तो इथेच. मैदान महापालिकेचे आणि बंदोबस्त सरकारी असेल तर ‘हा आमचा खासगी कार्यक्रम’ हा दावा आणखी लंगडा पडतो.

पुढाऱ्यांवरच आक्षेप का?

पुढाऱ्याने देवदर्शन घ्यावे, आरती करावी; त्याला कोणाची हरकत नाही. पण आमदार, नगरसेवक हे मत न देणाऱ्यांचेही प्रतिनिधी असतात. फलकावर त्यांचे छायाचित्र आणि दारात ‘अमुक धर्मीयांना प्रवेश नाही’ असेल, तर मतदारसंघातील काही नागरिक दुय्यम ठरतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्माच्या नावाने मते मागणे हा भ्रष्टाचार मानते. अभिराम सिंह खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्याची व्याप्ती मतदारांच्या धर्मापर्यंत नेली. हे बंधन निवडणुकीपुरते आहे. म्हणूनच एरवीची जबाबदारी पुढाऱ्याच्या विवेकावर येते.

नाशिकचा अनुभव काय?

बंद दाराची किंमत नाशिकने पाहिली आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. तेव्हा जात विचारली जात होती, आज धर्म विचारला जातो. दारावरचा प्रश्न तोच आहे.

पेठसारख्या गावात काय होईल?

शहरातील प्रथा गावात पोहोचायला वेळ लागत नाही. नाशिकहून गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पेठ तालुक्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. डोंगऱ्यादेवाला मानणारे, माळकरी आणि ख्रिस्ती अशी कुटुंबे या पट्ट्यात शेजारी नांदतात, अनेकदा एकाच आडनावाने. आधार कार्डावर धर्माचा रकानाच नसतो. मग दारावरचा स्वयंसेवक ठरवणार कशावरून? नाव, पेहराव की ऐकीव माहितीवरून? ज्या पेठ संस्थानच्या गादीवर शेवटी बेगम नूरजहान होत्या, १८७८ मध्ये त्यांच्या निधनानंतर जे खालसा झाले, त्या गावाला ही चाळण नवखी आहे.

मग मार्ग काय?

छेडछाड, मद्यपान, गोंधळ यांवर नियम हवेतच. पण ते वर्तनावर असावेत, जन्मावर नव्हे. सार्वजनिक जागेची परवानगी देताना ‘धर्म वा जातीवरून प्रवेश नाकारणार नाही’ ही अट प्रशासनाने लेखी घालावी. पुढाऱ्यांनीही अशी अट न पाळणाऱ्या मंडळाला आपले नाव, फलक आणि वर्गणी देऊ नये. २०२७ च्या सिंहस्थात नाशिक लाखो पाहुण्यांचे स्वागत करणार आहे. त्याआधी निदान शेजाऱ्याला तरी दारात अडवू नये.