आवृत्ती संपली, हक्क कुणाकडे?

जुनी इंदूरच्या मराठी वस्तीत लिहिणाऱ्यांची परंपरा आहे, वाचणाऱ्यांचीही आहे. इंदूर शहराने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरवली. परंतु माळव्यातील लेखकाचे पुस्तक बहुधा पुण्या-मुंबईकडेच छापले जाते. पहिली आवृत्ती संपते, दुसरी निघत नाही. लेखक पत्रे लिहितो, ‘पाहू’ असे उत्तर येते. पुढे लेखक जातो आणि मुलांना करारपत्रही सापडत नाही. पुस्तक मग प्रकाशक छापत नाही आणि घरच्यांना छापण्याचे धाडस होत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, करारावर सही करण्यापूर्वी लेखकाने रॉयल्टी किती टक्के हे जरूर विचारावे, पण त्याआधी हक्क परत केव्हा येणार हे विचारावे.

कायदा लेखकाच्या बाजूने आहे, पण अर्धाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी दोन आधार दिले. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. आणि घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही तर त्या हक्कापुरते हस्तांतर रद्द समजावे. मात्र हे दोन्ही आधार करारातील एका ओळीने नाहीसे होतात. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे लिहून दिल्यावर पाच वर्षांचा प्रश्नच उरत नाही. शिवाय एक आवृत्ती काढली की छपाईचा हक्क वापरला गेला. त्यानंतर पुस्तक वीस वर्षे मिळेनासे झाले, तरी केवळ तेवढ्यावरून तो हक्क आपोआप परत येईल असा स्पष्ट नियम नाही.

पूर्वी एक आधार होता. १९१४ च्या कायद्याने आपल्याकडे लागू झालेल्या इंग्रजी कायद्यात, लेखकाने हयातीत हक्क विकले तरी मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत जात. १९५७ च्या कायद्यात ही तरतूद नाही. अमेरिकेत १९७८ पासून लेखकाने केलेल्या करारांत साधारण पस्तीस वर्षांनी रीतसर नोटीस देऊन हक्क परत मागता येतात. आपल्याकडे लेखकाला हे काम करारातच करून घ्यावे लागते.

यावर प्रकाशकांचे म्हणणे असे की, मराठी पुस्तकाचा खप थोडा, गुंतवलेला पैसा सुटायला वेळ लागतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच पाच-सात वर्षांची मुदत देणे न्यायाचे आहे. पण जे छापायचे नाही ते अडवून ठेवण्यात व्यापारही नाही आणि साहित्यसेवाही नाही.

तेव्हा करारात एक कलम असावे: पुस्तक बाजारात नसेल आणि लेखकाच्या लेखी मागणीनंतर सहा महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही, तर सर्व हक्क लेखकाकडे परत येतील. ‘बाजारात नाही’ म्हणजे काय, हेही प्रतींच्या आकड्यात लिहावे. आज ई-पुस्तक संगणकावर पडून राहते, त्यामुळे पुस्तक ‘उपलब्ध’ आहे असे कायमच म्हणता येते. वर्षाला अमुक प्रतींहून कमी खप झाल्यास पुस्तक संपले असे समजावे, हे बरे.

आपल्या अंकात मराठीशेजारी कानडी पाने आहेत. भाषांतराचा हक्क हा छपाईहून वेगळा हक्क आहे. तो न वापरणाऱ्याला सहज देऊन टाकला, तर उद्या एखाद्या कानडी मित्राला ते पुस्तक आपल्या भाषेत न्यायचे असले तरी लेखकाला स्वतः होकार देता येत नाही.

आणखी एक गोष्ट. मराठी पुस्तकांवर ‘सर्व हक्क सौ. अमुक यांचे स्वाधीन’ असे छापण्याची जुनी रीत आहे. त्यामागची भावना चांगली आहे, परंतु नुसत्या छापील ओळीवर विसंबू नये. सहीचे पत्र करून ठेवावे.

विद्यार्थिमित्रांपैकी कुणाचे ना कुणाचे पुस्तक उद्या निघेल. पहिल्या पुस्तकाच्या आनंदात कागद न वाचता सही होते. तो कागद वाचावा, मुदत लिहून घ्यावी आणि एक प्रत घरच्यांना माहीत असेल अशा जागी ठेवावी.