जेरेमिओला गद्दार म्हणण्याआधी

एडवर्ड डमिट्रिकचा १९४९ सालचा ‘गिव्ह अस धिस डे’ परवा मित्रांसोबत पाहिला. सिनेमा संपला तसा एकजण म्हणाला, “गद्दारीची सजा मिळाली त्याला.” मी तिथंच भांडलो, आता इथं लिहितोय.

जेरेमिओ न्यूयॉर्कमधला इटालियन गवंडी. अनुन्झियाता इटलीहून त्याच्याशी लग्न करायला येते ती स्वतःच्या घराच्या वायद्यावर. दोघं डॉलर-डॉलर साठवतात. मग १९२९ची मंदी येते. कामं थांबतात, घराचे पैसे पोरांच्या पोटात जातात. शेवटी तो एका धोकादायक बांधकामावर मुकादम होतो आणि जोखीम ठाऊक असून सोबत्यांनाही तिथं कामाला लावतो. (मुकादम शब्द मुळात अरबी, अर्थ ‘पुढे केलेला’. ठेकेदार मागेच असतो.) एक मित्र जायबंदी होतो. गुड फ्रायडेला बांधकाम कोसळतं आणि जेरेमिओ ओल्या काँक्रीटमध्ये गाडला जातो.

सिनेमा हे सगळं पाप आणि प्रायश्चित्ताच्या भाषेत मांडतो. माझी तक्रार इथंच आहे. ज्या कादंबरीवर तो बेतलाय, त्या पिएत्रो दि दोनातोच्या ‘ख्राइस्ट इन काँक्रीट’मधला जेरेमिओ मालकाला सांगतो की आधार कच्चे आहेत, दुरुस्त करा. मालक त्याला उडवून लावतो. म्हणजे पुस्तकात इशारा देणारा मजूर पडद्यावर गुन्हेगार झाला!

दि दोनातोचे स्वतःचे वडीलही असेच बांधकामावर गेले, १९२३ साली. तेव्हा कुठली मंदी होती? अमेरिकेत टोलेजंग इमारती चढत होत्या. लहानग्या पिएत्रोला बापाचीच थापी हातात घ्यावी लागली. तेजीतही माणूस गाडला जात होता, कारण पक्क्या आधाराला पैसा लागतो आणि परदेशातून आलेला मजूर स्वस्त पडतो. मंदीनं फक्त त्याची ‘नाही’ म्हणायची ताकद काढून घेतली.

डमिट्रिकला हे कळायला हवं होतं. कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडनं त्याचं काम बंद केलं होतं, म्हणून तर हे न्यूयॉर्क इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभं राहिलं. पुढे तुरुंग भोगून १९५१ साली त्यानं चौकशी समितीसमोर जुन्या सोबत्यांची नावं घेतली आणि त्याला पुन्हा काम मिळालं. त्यालाही लोक गद्दार म्हणाले. मीही त्याला माफ करत नाही. पण कामाच्या बदल्यात नावं मागणारे तेव्हा समितीच्या खुर्च्यांत बसले होते, त्यांचं काय?

मित्राला मी एवढंच विचारलं, त्या बांधकामाच्या ठेकेदाराचं नाव आठवतं का? त्याला आठवलं नाही.