यंत्राचे वर्णन कोणाच्या स्वाधीन?

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात. बोरघाटाचा चढ 37 फुटांस 1 फूट इतका तीव्र असल्याने पुढच्या इंजिनाचे बळ एकट्याने पुरत नाही. या घाटातून गाडी नेणाऱ्या चालकाला इंजिन हाकण्याचे कसब असून भागत नाही. चढउतार कोठे आहेत आणि वेगाची मर्यादा कोठे काय आहे, हे त्याला वर्किंग टाइमटेबलमध्ये लिहून दिलेले असते. आणि ज्याला मार्गाची ओळख नाही, त्याने मार्ग जाणणाऱ्या सहकाऱ्यावाचून गाडी नेऊ नये, असा रेल्वेचा नियम आहे. इंजिन चालविण्याची विद्या वेगळी आणि विशिष्ट मार्गाचे ज्ञान वेगळे, हा भेद रेल्वेने फार पूर्वी ओळखला. संगणकविश्वाच्या एका मोठ्या भागाला तो पटण्यास मात्र 2011 साल उजाडावे लागले.

संगणकातील ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. पडदा, कळफलक, कॅमेरा, स्मृतिपत्र अशा प्रत्येक उपकरणाकडून काम करून घेण्यासाठी कर्नलपाशी जे उपकार्यक्रम असतात, त्यांना ड्रायव्हर असेच नाव आहे. टेबलावरच्या संगणकात त्यांचे काम तुलनेने सोपे असते. पीसीआय किंवा यूएसबी पद्धतीने जोडलेले उपकरण विचारताक्षणी आपल्या निर्मात्याचा आणि प्रकाराचा क्रमांक सांगते. परंतु मोबाइल, टॅब्लेट, राउटर यांच्या एकाच चिपमध्ये सामावलेली वा तिला थेट जोडलेली बरीचशी उपकरणे मुकी असतात. ती कोणत्या पत्त्यावर आहेत आणि कोणत्या तारेवरून हाक देतात, हे दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते. कसणारा कोणीही असो, सातबाऱ्यावर नाव नसेल तर महसूल दफ्तराच्या लेखी तो नसतोच. तद्वत ज्या मुक्या उपकरणाची नोंद नाही, ते कर्नलच्या लेखी अस्तित्वात नसते.

एआरएम जातीच्या चिपांसाठी ही माहिती पूर्वी लिनक्स कर्नलच्या पोटातच लिहिली जाई. प्रत्येक नव्या फळीसाठी नवी फाइल, आणि तीतील बराचसा मजकूर शेजारच्या फाइलमधून उतरविलेला! या अनागोंदीबद्दल लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी मार्च 2011 मध्ये जाहीर संताप व्यक्त केला. त्यानंतर या चिपांसाठी ‘डिव्हाइस ट्री’ ही पद्धत रूढ झाली. कल्पना नवी नव्हती. सन कंपनीच्या संगणकांतून ती आली होती आणि 1994 साली तिला प्रमाणसंहितेचे रूपही मिळाले होते. तिच्यात यंत्राचे वर्णन कार्यक्रमापासून वेगळे काढून एका तक्त्यात मांडतात. प्रत्येक उपकरणापुढे निर्मात्याचे व नमुन्याचे नाव, पत्ता, लागणारा विद्युतदाब अशा नोंदी असतात. यंत्र सुरू होताना हा तक्ता कर्नलच्या हाती पडतो आणि नावे जुळवून योग्य तो ड्रायव्हर कामाला लागतो. तक्त्यात यंत्र कसे आहे एवढेच सांगावे, ते कसे चालवावे हे सांगू नये, असा दंडक आहे. म्हणूनच एकच वर्णन एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टीमना उपयोगी पडू शकते.

हा केवळ तंत्रज्ञांच्या सोयीचा प्रश्न आहे असे मानणे चुकीचे ठरेल. कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेच्या एखाद्या वाडीतील शाळेला सरकारी पैशातून टॅब्लेट मिळाला, असे समजू. चार-पाच वर्षांनी निर्माता नवी आवृत्ती देणे बंद करतो. पडदा शाबूत असतो, चिप शाबूत असते. तरीही यंत्र निकालात निघते, कारण त्याचे वर्णन निर्मात्याच्या कपाटात बंद असते आणि दुसऱ्या कोणाला त्यावर नवे कर्नल बसविता येत नाही. याउलट त्याच शाळेतील दहा वर्षांच्या जुन्या संगणकावर होतकरू शिक्षक नवे लिनक्स चढवू शकतो. दोन्ही यंत्रांत फरक आहे तो शक्तीचा नव्हे, तर वर्णनाच्या उपलब्धतेचा.

यावर व्यापारी गुपिताचा मुद्दा पुढे केला जातो. तो टिकणारा नाही. उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे हे सांगितल्याने चिपची अंतर्गत रचना उघड होत नाही. शिवाय तक्त्याची यंत्रभाषेतील प्रत यंत्रातच असते आणि जाणकार ती उलगडूही शकतात. पण मूळ टिपा त्यात उरत नाहीत. विद्युतदाबाची एखादी चुकीची नोंद यंत्र जाळू शकते, तेव्हा असे अनुमानाचे काम सामान्य शाळेवर सोपविणे शहाणपणाचे नाही. ड्रायव्हरवाचून नुसते वर्णन निरुपयोगी, हा दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. तो वर्णन दडविण्याचे समर्थन करीत नाही. ड्रायव्हरही मागावेत, एवढेच त्यातून निष्पन्न होते. लिनक्स कर्नल ज्याच्या हाती यंत्रासोबत दिले जाते, त्याला कर्नलचा मूळ मजकूर मिळण्याचा हक्क त्याच्या परवान्यानेच दिला आहे. कोणी मागतच नाही, म्हणून तो हक्क कागदावर राहतो.

शासनाने हा हक्क खरेदीच्या वेळीच बजावावा. सरकारी पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या निविदेत डिव्हाइस ट्रीचा मूळ मजकूर आणि ड्रायव्हर सुपूर्द करण्याची अट असावी, ती पुरी झाल्याखेरीज अखेरचा हप्ता देऊ नये आणि हे साहित्य सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी ठेवावे. मद्रास आयआयटीने ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ हे प्रोसेसर घडविले आहेत. एप्रिल 2022 मध्ये केंद्र सरकारने रिस्क-फाइव्ह चिपांसाठी स्वतंत्र कार्यक्रमही जाहीर केला. या जातीच्या चिपांवरील लिनक्सलाही सामान्यतः डिव्हाइस ट्रीच लागते. स्वदेशी चिप बनवायची आणि तिच्यावर उभारलेल्या यंत्राचे वर्णन मात्र पुन्हा कुलपात ठेवायचे, हा स्वावलंबनाचा विपर्यास होईल. यंत्र विकत घेणाऱ्याला त्याची नीट ओळखही मिळाली पाहिजे. ती न मिळाल्यास किंमत पूर्ण मोजूनही त्याच्या पदरी पडते ती केवळ भाडेकरूची अवस्था.