मोटारीचे पेट्रोलही उत्पादन खर्चात धरा



कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात जुनी मारुती ८०० उभी दिसली की शहरातल्या पाहुण्याच्या भुवया वर जातात. ‘कर्जमाफी मागता आणि मोटारी फिरवता?’ हा प्रश्न आम्ही किती बैठकांत ऐकला, त्याची गणती नाही. ती मोटार दुसऱ्या-तिसऱ्या हातची आहे आणि पुष्कळदा चांगल्या बैलजोडीपेक्षा स्वस्तात आली आहे, हे पाहुण्याला दिसत नाही. रात्री एस.टी. नसते. फवारणी करताना विषबाधा झालेला गडी, साप चावलेले पोर, अडलेली बाळंतीण यांना तालुक्याला नेणारे वाहन गावात तेवढे एकच असते. वखर, डवरा, फवारणीचा पंप तशी ही मोटार. ते औजार आहे, चैन नव्हे.

पण औजार म्हटले की त्याचा हिशेब आला, आणि तिथे आपण कमी पडतो. ट्रॅक्टरवाल्याला दिलेले पैसे आपल्या वहीत असतात. मोटारीत घातलेले पेट्रोल मात्र घरखर्चात जिरते. कापूस जिनिंगवर गेला तेव्हा भाव बघायला केलेल्या चार फेऱ्या, बियाण्यासाठी दोन, बँकेच्या कागदांसाठी पाच, ही सगळी शेतीचीच कामे आहेत.

आकडे मांडू. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणारी मोटार लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर ४० लिटर पेट्रोल लागते. तीच १८ देऊ लागली तर ३३ लिटरांच्या थोडे वर लागते. वर्षाला ८० लिटर वाचले. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरले तरी ८,००० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये क्विंटल होता. म्हणजे एक क्विंटलाहून जास्त कापूस किंवा दोन क्विंटलांहून जास्त ज्वारी. ज्या रानात एकरी चार-पाच क्विंटल कापूस निघतो तिथे हा आकडा लहान नाही.

आता १५ चे १८ कसे होतात ते पाहू. आधी मोजायला शिका. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचा आकडा लिहा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. चाललेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागा. काट्याकडे बघून किंवा ‘पाचशेच्या पेट्रोलमध्ये अमरावती होते’ अशा अंदाजाने ॲव्हरेज कळत नाही. आणि एका वेळी एकच बदल करा. खताच्या चाचणीत एका पट्ट्यात युरिया, बियाणे आणि पाणी तिन्ही बदलले तर उत्पन्न कशाने वाढले ते सांगता येत नाही. मोटारीचेही तेच आहे.

पहिली गोष्ट चाकातली हवा. कमी हवेचे टायर जमिनीला चिकटून चालते आणि इंजिनाला ओढ पडते. गाडीच्या पुस्तकात दिलेला दाब पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर थंड असताना तपासा. दुसरी गोष्ट ब्रेकची. जुन्या गाडीचे ब्रेक पुष्कळदा पूर्ण सुटत नाहीत. जॅक लावून चाक हाताने फिरवा. जे चाक जड फिरते किंवा प्रवासानंतर इतरांपेक्षा जास्त तापते, ते पेट्रोल खाते आहे. तिसरी गोष्ट धूळ. आपल्या पांदण रस्त्यांवर एअर फिल्टर शहरातल्या गाडीपेक्षा लवकर चोंदतो. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर चोंदला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाते. प्लग साफ ठेवा, आणि इंजिन गरम झाल्यावर चोक आत ढकलायला विसरू नका.

याहून मोठी बचत चालवणाऱ्याच्या उजव्या पायात आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० ऐवजी ८० च्या वेगाने निघालात तर हवा अडीच पटीने जास्त अडवते. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या आसपास, इंजिन ठोके न देईल अशा बेताने लवकर वरच्या गिअरमध्ये चालवा. पुढे गतिरोधक किंवा गुरे दिसली की दुरूनच पाय काढा. शेवटपर्यंत दाबून मग करकचून ब्रेक मारणे म्हणजे विकत घेतलेले पेट्रोल ब्रेकच्या लायनरमध्ये जाळणे होय. मारुती ८०० चे स्वतःचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. तिच्यात वर्षभर पडून असलेले जुने सामान आणि टपावरचे रिकामे कॅरिअर तिला जड जाते. बाजारात कुणाची वाट बघत उभे असाल तर इंजिन बंद करा. उभ्या-उभ्या छोटे इंजिनही तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पिते.

काय करू नये तेही स्पष्ट सांगतो. उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडा. इंजिन बंद झाले की बूस्टरचे ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखे होतात, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग अडकू शकते. पाच रुपयांच्या पेट्रोलसाठी घरची माणसे दरीत घालायची नाहीत. इंजेक्शनच्या गाडीत तर गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट थोडे जळतच राहते. रॉकेल मिसळू नका. पाइपला बांधायचे लोहचुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या विकणारे यात्रेत येतात. बोगस बियाण्याच्या पाकिटाला आपण जे प्रश्न विचारतो तेच त्यांनाही विचारा.

एवढे सगळे करूनही वहीतला आकडा थोडा खाली येऊ शकतो, आणि त्याचे कारण तुमच्या गाडीत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. जुन्या धाटणीच्या चारचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणाने सहा-सात टक्के घटेल, हे नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच लिहिले आहे. इथेनॉलला आमचा विरोध नाही. शेतमालाला नवे गिऱ्हाईक मिळत असेल तर ते हवेच. पण लिटरमधली ऊर्जा घटली तर लिटरचा भावही त्या मानाने घटला पाहिजे. कापसात ओलावा जास्त निघाला की आपला भाव कापतात. मग हा नियम पंपावर का नको? जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मात्र वर्षातून एकदा मेकॅनिककडून तपासून घ्या. इथेनॉलने जुने रबर फुगते, चिरते. पेट्रोलचा वास आला तर गाडी आधी उभी करा.

काटकसरीचा उपदेश शेतकऱ्याला पुष्कळांनी केला. आम्ही त्या रांगेत उभे नाही. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारने बाजारावर सोडले, १६ जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट बसतो. खर्चाचा बाजार मोकळा आणि कापसाच्या भावावर आयात-निर्यातीच्या धोरणाचा हात, हे गणित हवा भरून सुटत नाही. पण उत्पादन खर्च मांडताना ज्याच्या वहीत आकडा असतो त्याला खोटे पाडता येत नाही. लिहिलेला खर्चच भांडता येतो.

म्हणून एक काम. ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी आजपासून टाकी ते टाकी नोंद ठेवावी. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि फेरी कशासाठी केली ते. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही बरोबर आणा. दहा गावच्या वह्या एकत्र झाल्या की शेतीसाठी मोटारीत किती पेट्रोल जळते, ते आपणच सांगू.