कागदाची पऱ्हाटी

दिवाळीचे पाहुणे परतले, फराळाचे डबे तळाला गेले, की घरातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना करमेनासे होते. सकाळी गारठा, त्यामुळे बाहेर सोडवत नाही. इंग्रजी पुस्तके अशा दिवसांसाठी कागदाचे हिमकण कातरायला सांगतात. पण आपल्या मुलांनी बर्फ कुठे पाहिला आहे?

मागे ऐन वेचणीच्या दिवसांत मी बोरी अरबला भावाकडे गेले होते. शिवार पांढरे झालेले. मनात आले, आपला बर्फ हाच! चार वर्षांच्या भाच्याला घेऊन ओट्यावर कोवळ्या उन्हात बसले.

कृती सोपी आहे. चमचाभर कणीक अर्धी वाटी पाण्यात कालवून शिजवा. खळ तयार होते. निवली की मुलांपुढे ठेवा. वहीचे कोरे कागद त्यांनाच फाडू द्या. कात्री नको. फाडताना अंगठा आणि तर्जनी यांची जी चिमूट लागते, तीच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते. तुकड्यांचे लिंबाएवढे बोळे करावेत. त्याहून लहान नकोत, मुले तोंडात घालतात. पऱ्हाटीची वाळकी फांदी मातीच्या गोळ्यात रोवावी आणि बोळे खळीने चिकटवावेत. शहरात कुठलीही वाळकी फांदी चालेल.

भाच्याने सारी बोंडे एकाच टोकाला लावली. तो जेवायला गेला, तेव्हा मी ती काढून नीट, अंतरा-अंतराने लावली. परत येऊन तो बघतच राहिला. म्हणाला, "आत्या, ही तुझी पऱ्हाटी. माझी कुठं गेली?"

त्या दिवशी त्याने पुन्हा कागदाला हात लावला नाही. मला मात्र जेवण गेले नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते पाने, शंख-शिंपले अशा आसपासच्या वस्तू हाताशी घेऊन. साधने फुकटची असली तरी चालतात. मोठ्यांना खर्च करावा लागतो तो धीराचा.

दुसऱ्या दिवशी मी नवी फांदी रोवली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन बसले. पुन्हा सारी बोंडे एकाच टोकाला! फांदी वाकली, पण भाच्याने ती संक्रांतीपर्यंत कोनाड्यातून हलू दिली नाही.

तुमच्याही कोनाड्यात यंदा अशी एक वाकडी पऱ्हाटी असू द्या.