दुसऱ्या घराचा हिशेब

मध्यमवर्गीय कुटुंबात थोडे आर्थिक स्थैर्य आले की पहिला विचार येतो तो दुसऱ्या सदनिकेचा. ‘भाड्यातून हप्ता फिटेल आणि उतारवयात आधार होईल’, असे गृहीत धरले जाते. किराण्याची यादी दोनदा तपासणारा गृहस्थ आयुष्यातील या सर्वांत मोठ्या व्यवहारात मात्र आकडेमोड करीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

उदाहरणादाखल पुण्यातील ६० लाखांची एक जुनी सदनिका घेऊ. ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि दुरुस्तीचे साडेतीन लाख धरता गुंतवणूक ६८ लाखांवर जाते. भाडे मासिक १६ हजार. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर महिनाभर रिकामे राहणारच. म्हणजे हाती १ लाख ७६ हजार. त्यातून सोसायटीचे ३० हजार, मिळकतकराचे ८ हजार, दलालीचे १६ हजार आणि किरकोळ दुरुस्तीचे १२ हजार वजा केले की उरतात १ लाख १० हजार. ६८ लाखांवर हा परतावा जेमतेम १.६ टक्के! यासाठी साडेआठ टक्के दराने ४० लाखांचे कर्ज काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ३ लाख ४० हजारांच्या घरात जाते. भाड्याने हप्ता फिटतो, हा भ्रम येथेच संपतो. उरते ती केवळ भाववाढीची आशा. आणि आशेला उत्पन्न म्हणता येत नाही.

नूतनीकरणाच्या बाबतीतही हाच विवेक हवा. दोन लाख रुपये खर्चून नक्षीदार छत केले आणि भाडे हजार रुपयांनी वाढले, तर तो खर्च वसूल व्हायला १६ वर्षांहून अधिक काळ लागेल. याउलट स्नानगृहाची गळती थांबविणे, जुने वायरिंग बदलणे, नळजोडण्या नीट करणे हा खर्च दिसत नाही, पण भाडेकरू टिकवितो. शिवाय प्राप्तिकरात भाड्यावर ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीची बिले त्यापेक्षा मोठी असली तरी भाड्यातून जादा वजावट मिळत नाही.

याचा अर्थ घर भाड्याने देऊच नये असा नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. निवाऱ्यासाठी माणसे वणवण करीत असताना घरांना कुलपे असावीत, हे समाजाला भूषणावह नाही. या कुलपांमागे भाडेकरू घर बळकावील ही भीतीही आहे. ती निष्कारण नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाड्यातून डागडुजीही होईना, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली आणि चाळी खचत गेल्या. त्याचे भोग भाडेकरूंनीच भोगले.

परंतु ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने परिस्थिती बदलली आहे. मुदत संपल्यावर घर परत मिळविण्याचा मार्ग त्यात आहे. त्यासाठी भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. थोडे पैसे वाचविण्यासाठी तोंडी व्यवहार करणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

म्हणून ज्यांचे दुसरे घर आहे त्यांनी ते नीट दुरुस्त करून, रीतसर करार करून भाड्याने द्यावे. ज्यांना नव्याने घ्यायचे आहे त्यांनी आधी घरातील सर्वांसमोर हा हिशेब मांडावा. भाडे बंद पडले तरी वर्षभर हप्ता भरता येईल का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तरच सही करावी. संसार अंथरूण पाहून पाय पसरण्यानेच सुखाचा होतो.